चिडला की काय करतो

“मॅडम, तुम्ही मला ओळखलं नाहीत ना?”

विट्याला म्हेत्र्यांच्या स्वयंपाकघरात, पोह्यांच्या रिकाम्या बश्या सिंकमध्ये ठेवता ठेवता ती मुलगी म्हणाली. आम्ही तिलाच बघायला आलो होतो. बाहेर हॉलमध्ये माझा दीर हर्षद, माझा नवरा मंदार आणि सासूबाई बसल्या होत्या. मी जुईला पाणी पाजायचं निमित्त करून आत आले होते. जुई तेव्हा दीड वर्षाची. खरं तर मला आत पाठवलं होतं. कऱ्हाडहून येताना गाडीत आई म्हणाल्या होत्या, “मानसी, मुलीशी तूच बोल बाई. तू शिकलेली, तुझं बोलणं पटतं लोकांना.”

“कुठे भेटलोय आपण?” मी विचारलं.

“कॉलेजात. मी सेकंड इयरला होते. तुम्ही संस्थेकडून आला होतात, तीन दिवसांचं शिबिर घ्यायला. ‘नातं जोडताना’. तुमच्या पदराला शाई लागली होती बघा, ती मीच दाखवली तुम्हाला.”

मला शाई आठवली. मुलगी आठवली नाही. तरी मी “अगं हो” म्हटलं.

“बायोडाटात थोरल्या सूनबाईंचं नाव वाचलं, पुढे एम.एस.डब्ल्यू. कऱ्हाडच्या म्हटल्यावर मी ओळखलंच. मावशीला म्हटलं, बाकीची दोन स्थळं राहू देत, या लोकांना आधी बोलव.”

तेवढ्यात तिची मावशीच आत आली. शलाकाला आई नव्हती, या मावशीनेच तिला वाढवलं होतं. ठसठशीत बाई, हातात चहाचा रिकामा ट्रे.

“पोहे मुलीनं केलेत असं सांगायची पद्धत आहे,” ती मला म्हणाली, “तसं मी बाहेर सांगितलंय. पण तुम्ही शिकलेल्या, तुमच्याशी कशाला खोटं बोला? मीच केलेत. हिला पोहे भिजवायचा अंदाज नाही. लगदा करते.”

“मावशी, जा ना तू.”

“जाते. लग्न होईस्तोवर माझं ऐकायचं, मग यांचं.” तिने जुईपुढे हात पसरले. “या बाहुलीला माग दाखवून आणते. खडखड खडखड. बघायचंय?”

जुई सहसा कोणाकडे जात नसे. त्या दिवशी गेली. घराच्या मागेच म्हेत्र्यांचे आठ यंत्रमाग होते, पाहुणे येणार म्हणून त्यातले दोनच चालू ठेवलेले. मावशीने मागचं दार उघडलं तसा आवाज आत घुसला, आणि दार लागल्यावर पुन्हा दबला.

शलाकाने हॉलकडचं दार लोटून घेतलं. कडी नाही लावली. ओढणीच्या टोकाला हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, विचारू?”

ती काय विचारणार हे मला त्या क्षणी कळलं, कारण ते तिला मीच शिकवलं होतं.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुलींना हे हमखास सांगायची. मुलगा बघायला आला की त्याला काही विचारू नका, तो पाठ करून आलेला असतो. त्याच्या घरातल्या बाईला विचारा. वहिनी असेल, बहीण असेल, तिला स्वयंपाकघरात गाठा, एकटीला. आणि ‘स्वभाव कसा आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘चांगला’ एवढंच येतं. विचारा, चिडला की काय करतो? मुली हसायच्या. एखादी म्हणायची, “मॅडम, ती बाई खरं कशाला सांगेल?” त्यावर मी म्हणायची, “सांगेल. कारण तिला कोणी विचारलेलंच नसतं.” यावर वर्ग एकदम शांत व्हायचा. ती शांतता मला आवडायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

“विचार,” मी म्हटलं.

“हे चिडले की काय करतात?”

हर्षद चिडला की काय करतो, ते मी पाहिलेलं होतं. सांगोवांगी नाही, दीड हाताच्या अंतरावरून.

वर्षभरापूर्वी त्याचं लग्न ठरलं होतं, गौतमी नावाच्या मुलीशी. बस्त्यासाठी आम्ही इचलकरंजीला गेलो होतो. आई आणि मंदार साड्यांच्या दुकानात पुढे गेले. मी गाडीत मागच्या सीटवर जुईला पाजत होते, पुढे हर्षद आणि गौतमी. तिचा फोन वाजला. तिने बघून बंद केला. “कोण होतं?” हर्षद म्हणाला. ती म्हणाली, “असंच, कॉलेजचा एक मुलगा.” “दाखव.” ती हसली आणि फोन पर्समध्ये टाकायला लागली. त्याने उलट्या हाताने मारलं. आवाज मोठा नव्हता. तिच्या कानातलं निसटून माझ्या पायाशी पडलं. मग तो लगेच खाली उतरला, पाण्याची बाटली घेऊन आला, “सॉरी सॉरी, चुकून झालं” म्हणाला. तो पाणी आणायला गेला तेवढ्या वेळात गौतमीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी जुईच्या डोक्यावर ओढणी नीट केली. कानातलं उचलून तिच्या हातात दिलं. बोलले काहीच नाही.

चार दिवसांनी तिच्याकडून निरोप आला, मुलीला पुढे शिकायचंय. आई चार महिने हळहळत होत्या, “सोन्यासारखी मुलगी गेली.” मी मंदारला सांगितलं होतं. तो हर्षदशी बोलला. परत येऊन मला म्हणाला, “रडला तो. शपथ घेतलीय. आईला नको सांगू, तिचं बीपी आधीच वर असतं.” मी नाही सांगितलं. आणि आईंना आतून सगळं माहीत असणार, असं धरून चालले. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

हे सगळं त्या स्वयंपाकघरात उभी असताना माझ्या डोक्यात असं ओळीने आलं नाही. आलं ते भलतंच. बाहेर आई कशावरून तरी मोकळ्या हसत होत्या. सोमवारपासून मला पुन्हा कामावर जायचं होतं आणि जुईला त्याच सांभाळणार होत्या. हर्षदने वर्षभर आवाज चढवला नव्हता. शिवाय मी आता खरं बोलले, तर तासभर गाडीत बसून याच माणसांबरोबर घरी जायचं होतं.

“चिडले की?” मी म्हटलं. “गप्प बसतात.”

“गप्प म्हणजे?”

“म्हणजे बोलणंच बंद. दोन-दोन दिवस. फार झालं तर पुलापर्यंत चालून येतात. मग तिसऱ्या दिवशी आपले आपणच चहा करून आणून देतात. तेवढीच माफी.”

शलाका हसली. तिचे खांदे खाली आले, तेव्हा मला कळलं की ते इतका वेळ वर धरलेले होते.

“हे चालेल,” ती म्हणाली. “गप्प बसणारा चालेल मला. आमच्या शेजारी एक आहेत, त्यांचा आवाज माग चालू असतानासुद्धा ऐकू येतो. त्या काकूंना बघून मी ठरवलं होतं, विचारल्याशिवाय नाही. बाबांना म्हटलंही होतं, मॅडम काय सांगतील त्यावर माझं उत्तर.”

“मॅडम काय म्हणतेस,” मी म्हटलं. “ताई म्हण.”

मी सांगितलेल्यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त तो मंदारचा होता. खोटं ऐनवेळी सुचत नाही म्हणतात. मला रचावंच लागलं नाही, घरातलंच एक खरं उचलून दुसऱ्याच्या नावावर घातलं. म्हणून तर ते इतकं सहज वाटलं तिला.

तिने त्याच संध्याकाळी होकार कळवला.

ते शिबिर मी नंतर कधी घेतलं नाही. संस्थेत कारण विचारलं, तेव्हा जुई लहान आहे म्हटलं. आज जुई दहा वर्षांची आहे आणि मी अजून तेच कारण सांगते.

लग्न वैशाखात झालं. शलाका घरात आली आणि घर बदललं. तिला खरंच पोह्यांचा अंदाज नव्हता, आणि त्यावरून ती स्वतःच स्वतःची थट्टा करून घ्यायची. आईंना ती मोबाईलवर अभंग लावून द्यायची. जुई तिच्या मागे मागे “काकू, काकू” करत फिरायची. हर्षद दुकानातून वेळेवर घरी यायला लागला. पंपांचं दुकान होतं त्याचं, सीझनला जेवायला फुरसत नसे, तरी यायचा. मी रोज बघत होते. तिचे हात, मान, गाल. ती ओट्याशी उभी असली की मी काहीतरी शोधत असल्यासारखी तिच्याजवळ जायची. काही दिसलं नाही की मला हलकं वाटायचं, आणि ते हलकं वाटणं मी स्वतःची हुशारी म्हणून खात्यावर जमा करायची. म्हणायची, बघ, बदलला. उगीच मोडलं असतं.

श्रावणातल्या एका दुपारी मला सुट्टी होती आणि आई भजनाला गेल्या होत्या. जुई झोपली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून गवार निवडत होतो.

“ताई, एक विचारू?”

“विचार की.”

“रविवारी तुमचं आणि दादांचं काहीतरी वाजलं होतं ना?”

“तुला कसं कळलं?”

“दादा दोन दिवस बोलले नाहीत. परवा संध्याकाळी पुलापर्यंत चालत जाऊन आले. आणि आज सकाळी चहाचे कप घेऊन तुमच्या खोलीत गेले.”

मी शेंगांच्या शिरा काढत राहिले.

“तुम्ही मला दादांचं सांगितलंत,” शलाका म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखादं गणित सुटावं तसं ती बोलत होती. “मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते, हे कधी पुलावर जातात.”

तिने कुर्त्याची बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे मी कधी बघितलं नव्हतं, तिथे चार बोटं उमटलेली होती. हिरवट पडायला लागली होती.

“हे शुक्रवारचं. मावशीशी फोनवर हळू का बोलतेस म्हणून. त्याच्या आधी एक झालं, ते डोक्यात होतं, केसांत दिसत नाही.”

“शलाका...”

“तुम्हाला माहीत होतं?”

ती माझ्याकडे बघत होती. आता तर दोघींशिवाय घरात कोणी नव्हतं. तरीसुद्धा माझ्या तोंडून सरळ ‘हो’ आलं नाही.

“मला वाटलं, बदलले असतील.”

तिने बाही खाली केली.

“म्हणजे होतं,” ती म्हणाली, आणि निवडलेली गवार माझ्याकडे सरकवून उठली.

पुढच्या रविवारी सकाळी तिचे वडील आणि मावशी आले. चहा झाला. हॉलमध्ये सगळे बसलो. म्हेत्रेकाका खुर्चीच्या कडेवर टेकले होते, मुलीच्या घरी आलेला बाप बसतो तसे. हर्षदने सुरुवातीलाच हात जोडले.

“बाबा, माझं चुकलं. पहिल्यांदाच झालं असं. दुकानाचं टेन्शन होतं. परत होणार नाही.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. इचलकरंजीला पाण्याची बाटली घेऊन आला तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता.

“दोनदा झालंय, बाबा,” शलाका म्हणाली.

“बरं, दोनदा.” काका तिच्याकडे न बघता म्हणाले. “पण जावई स्वतः हात जोडतायत. चार महिने नाही झाले लग्नाला. लगेच उचलून नेलं तर लोक तुलाच नावं ठेवतील. अजून एकदा बघू.”

मावशीने कप खाली ठेवला. ती म्हणाली, “दाजी, बघायचं म्हणजे हिनं अजून एकदा मार खायचा, असंच ना?”

“तू थांब जरा. अगं, पहिल्यांदा चुकलंय माणूस. सवय असती तर गोष्ट वेगळी, मी क्षणभर ठेवलं नसतं. आणि घरात मोठी माणसं आहेत की.” मग काकांनी माझ्याकडे हात केला. “मानसीताई आहेत. कॉलेजात हेच शिकवतात त्या. अशी जाऊ कुणाला मिळते? त्यांच्या भरवशावर सोडून जातो तुला, मग तर झालं?”

शलाकाने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती फरशीकडे बघत होती आणि तिचे खांदे पुन्हा वर गेलेले होते. ती राहिली असती. बापाने एवढं म्हटल्यावर ती त्या दिवशी राहिली असती, हे मला दिसत होतं.

“काका, माझ्या भरवशावर ठेवू नका तिला,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“पहिल्यांदा नाही झालेलं हे.”

“मानसी,” मंदार म्हणाला. एवढंच.

“गौतमीला मारलं होतं त्यांनी. बस्त्याच्या दिवशी, गाडीत. मी मागे बसले होते. म्हणून ते लग्न मोडलं. शिकायचं वगैरे काही नव्हतं.” मग मी काकांकडे पाहिलं. “शलाकाने मला विट्याला विचारलं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात. मी खोटं सांगितलं.”

हर्षद म्हणाला, “वहिनी, तुम्ही...” आणि त्याचे जोडलेले हात सुटले. मावशी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ही आता बोलेल, आणि बोलावंच तिने. पण ती उठून शलाकाजवळ जाऊन उभी राहिली. मंदार उठून गॅलरीत गेला. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर जुई. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

म्हेत्रेकाका उभे राहिले. दोनदा घसा साफ केला.

“बॅग भर,” ते शलाकाला म्हणाले.

बॅग मावशीनेच भरली. मी मदतीला खोलीच्या दाराशी गेले, तर ती म्हणाली, “राहू द्या, ताई.” तिने दार ओढून घेतलं. मी कपडे वाळत टाकायच्या दोरीवरून शलाकाचे दोन ड्रेस काढले, घड्या घातल्या आणि ते घेऊन जिन्यात उभी राहिले. दुसरं करण्यासारखं काही सापडलं नाही.

खाली गाडी सुरू झाली होती. शलाका उतरून आली तेव्हा मी ते कपडे तिच्या हातात दिले. मला काहीतरी हवं होतं तिच्याकडून. एक शब्द, किंवा हातावर नुसता हात. खरं बोलल्याचं काहीतरी मिळतं असं मला वाटत होतं.

“आज सगळ्यांसमोर सांगितलंत,” ती म्हणाली.

“हो.”

“त्या दिवशी फक्त मला सांगायचं होतं, ताई. मी आत कडीसुद्धा लावली नव्हती, तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून. ऐकणारी एकटी मीच होते, तरी नाही सांगितलंत.”

ती गाडीत बसली. जुई वर गॅलरीतून तिला हाका मारत होती. शलाकाने काच खाली केली आणि जुईला हात केला. नीट, गाडी वळेपर्यंत.

मी वर आले. हर्षद त्याच्या खोलीत दार लावून बसला होता. मंदार बाहेर पडला होता, कुठे ते विचारायची गरज नव्हती. चहाचे कप तसेच पडले होते. मी ते गोळा करून स्वयंपाकघरात नेले आणि नळ सोडला. आई मागून आल्या. त्या आता ओरडतील, घराची अब्रू काढलीस म्हणतील, म्हणून मी पाठमोरीच राहिले. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते ते आता होणार होतं. एका अर्थी ते व्हावंसं वाटत होतं. ते झालं असतं तर माझं गप्प बसणं निदान समजण्यासारखं तरी ठरलं असतं.

आईंनी हात पुढे करून नळ बंद केला.

“तूही मला म्हणाली होतीस, तिला शिकायचंय म्हणून मोडलं,” त्या म्हणाल्या. “मी वर्षभर त्या पोरीला नावं ठेवत होते. देवासमोर बसून नावं ठेवली तिला.”

“तुमचं बीपी...” मी म्हटलं.

“माझं बीपी.” त्यांनी मान हलवली. त्या ओट्याला टेकल्या. “मानसी, एक सांग मला. तू मला तेव्हा सांगितलं असतंस, तर मी गेले असते का गं विट्याला?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आपण कशा आहोत, हे त्या मला विचारत होत्या, कारण त्यांच्या घरातली शिकलेली मीच होते. पाच वर्षं मी त्या बाईच्या हातचं जेवले होते, माझं मूल तिच्या मांडीवर ठेवून कामाला गेले होते. आणि ती गेली असती की नसती, ते मला सांगता येईना.